विश्लेषण : बिअरच्या कारखानदाराने उष्णतेचे गणित कसे सोडवले? जेम्स ज्यूल यांच्या घरगुती यंत्राची कहाणी

विजेच्या बिलावरचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. शाळेत पाठ केलेले ‘एक कॅलरी म्हणजे ४.१८ ज्यूल’ हे समीकरणही अनेकांना आठवत असेल. पण ज्यूल हे एका माणसाचे आडनाव आहे आणि तो माणूस कोणत्याही विद्यापीठात प्राध्यापक नव्हता, हे कमी जणांना ठाऊक असते. जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांच्या घरचा धंदा बिअरचा होता. कारखाना सांभाळत, स्वतःच्या पैशाने आणि घरच्या तळघरात उभारलेल्या यंत्राने त्यांनी विज्ञानातला एक मोठा प्रश्न सोडवला. तो प्रश्न कोणता, यंत्र कसे होते आणि शास्त्रज्ञांना त्यावर विश्वास ठेवायला इतकी वर्षे का लागली, याविषयी...

ब्रुइंग स्टँडचा ज्यूल यांच्याशी काय संबंध?

ब्रिटन-अमेरिकेत घरी बिअर तयार करणाऱ्या हौशी मंडळींची संख्या मोठी आहे. ब्रिटनमध्ये त्यासाठीची परवान्याची अट १९६३ मध्ये गेली, तर अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने संघराज्य पातळीवर वाट मोकळी झाली. (महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे.) ही मंडळी बहुतेक वेळा भांड्यांची मांडणी स्वतःच बनवतात. लोखंडी अँगल जोडून तीन पायऱ्यांचा स्टँड केला जातो. वरच्या पायरीवर गरम पाण्याचे भांडे, मधल्यावर मॉल्ट भिजवण्याचे आणि खालच्यावर अर्क उकळण्याचे. वरचे पाणी नळ सोडला की आपोआप खाली येते, त्यामुळे पंपाची गरज राहत नाही.

असा स्टँड उभारताना दोन गणिते करावी लागतात. पहिले, पाणी तापवायला किती ऊर्जा लागेल? २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६७ अंश सेल्सियसवर न्यायचे तर सुमारे ४४ लाख ज्यूल लागतात. भांड्यात दोन किलोवॉटची, गिझरमध्ये असते तशी कॉइल बसवली तर, उष्णता वाया जात नाही असे धरून, सुमारे ३७ मिनिटे. दुसरे, वायर किती जाड हवी? विद्युतप्रवाह दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते. म्हणूनच अशा कॉइलला साधी बारीक वायर आणि छोटा सॉकेट चालत नाही. ही दोन्ही गणिते ज्यूल यांच्या कामावर उभी आहेत आणि ती त्यांनी बिअरच्या कारखान्यात वावरत असतानाच सोडवली.

ज्यूल कोण होते?

इंग्लंडमधील मँचेस्टरला खेटून असलेल्या सॅलफर्ड गावात २४ डिसेंबर १८१८ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील बेंजामिन ज्यूल हे तिथले सधन बिअर कारखानदार. जेम्स लहानपणापासून प्रकृतीने नाजूक, पाठीच्या कण्याचे दुखणे मागे लागलेले आणि स्वभावाने बुजरे. त्यामुळे त्यांचे शिक्षण घरीच झाले.

१८३४ मध्ये वडिलांनी त्यांना आणि थोरल्या भावाला जॉन डाल्टन यांच्याकडे शिकायला धाडले. अणुसिद्धान्त मांडणारे हेच ते डाल्टन. तेव्हा ते वृद्ध झाले होते आणि मँचेस्टरमध्ये शिकवण्या घेत होते. त्यांनी भावंडांना गणिताचा पाया पक्का करायला लावला. पक्षाघाताने डाल्टन आजारी पडले आणि १८३७ मध्ये ही शिकवणी थांबली. ज्यूल यांचे औपचारिक म्हणावे असे शिक्षण एवढेच. पुढे दिवसा कारखाना आणि सकाळ-संध्याकाळ प्रयोग, असा त्यांचा दिनक्रम ठरला. त्यासाठी घरातच त्यांनी प्रयोगशाळा थाटली होती.

सुरुवातीचा प्रश्न काय होता?

तो प्रश्न व्यवहाराचा होता. मँचेस्टर परिसरात कारखाने वाफेच्या इंजिनांवर चालत. विजेची मोटर तेव्हा नुकतीच आकाराला येत होती आणि ती जवळपास फुकटात काम करून देईल, असे अनेकांना वाटत होते. तरुण ज्यूल यांनाही सुरुवातीला तशीच आशा होती. १८३८ मध्ये, एकोणीस वर्षांचे असताना, त्यांनी आपल्या मोटरविषयीचा पहिला लेख प्रसिद्ध केला.

मग त्यांनी हिशेब मांडला. मोटरला वीज देणाऱ्या बॅटरीत जस्त खर्ची पडे. एक पौंड जस्तातून मिळणारे काम हे चांगल्या वाफेच्या इंजिनात एक पौंड कोळसा जाळून मिळणाऱ्या कामाच्या पाचव्या हिश्शाइतकेच भरत होते आणि जस्त कोळशापेक्षा कितीतरी महाग. मोटरचा बेत तिथेच संपला. पण या हिशेबाने त्यांना एक सवय लावली. काय खर्च झाले आणि त्याच्या बदल्यात काय मिळाले, हे दोन्ही मोजायचे.

त्याच सवयीतून १८४० मध्ये त्यांना तारेतल्या उष्णतेचा नियम सापडला. तारेत निर्माण होणारी उष्णता ही तारेच्या रोधाच्या आणि विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. इस्त्री, गिझर, टोस्टर, विजेची शेगडी ही सगळी या नियमाची घरगुती रूपे. तेव्हा ज्यूल यांचे वय २१ होते.

तेव्हा उष्णतेबद्दल काय समजूत होती?

उष्णता हा एक अदृश्य, वजनरहित द्रव आहे, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानत. त्याला ‘कॅलरिक’ म्हणत. हा द्रव गरम वस्तूतून थंड वस्तूत वाहतो, पण तो नव्याने निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, अशी ही कल्पना. वाफेच्या इंजिनाचा सिद्धान्तही याच पायावर रचला गेला होता.

या समजुतीला तडे आधीच गेले होते. म्युनिचमध्ये तोफांच्या नळ्या कोरताना घर्षणाने अखंड उष्णता निघते, हे काउंट रम्फर्ड यांनी १७९८ मध्येच दाखवले होते. द्रव संपायला हवा होता, तो संपत नव्हता. पण किती कामाची किती उष्णता होते, याचा पक्का आकडा कुणाकडे नव्हता. ज्यूल यांना तोच हवा होता. उष्णता आणि काम ही एकाच वस्तूची दोन रूपे असतील, तर त्यांचा विनिमय दर ठरलेला असला पाहिजे. यंत्र कुठलेही वापरा, दर तोच आला पाहिजे.

१८४३ मध्ये त्यांनी पाण्याने वेढलेले विजेचे वेटोळे चुंबकाच्या क्षेत्रात फिरवले आणि त्यातून निघालेली उष्णता मोजली. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला लागणारे काम म्हणजे ८३८ पौंड वजन एक फूट उचलण्याचे काम, असे उत्तर आले. त्यानंतर त्यांनी अरुंद नळ्यांतून पाणी दाबून पाहिले, हवा दाबून पाहिली. आकडे थोडे पुढेमागे होत होते, पण एकाच टापूत घुटमळत होते.

तळघरातले यंत्र कसे होते?

त्यांचे सर्वांत गाजलेले यंत्र दिसायला साधे होते. तांब्याचे पाण्याने भरलेले भांडे आणि त्यात पितळी पात्यांची रवी. भांड्याच्या आतल्या बाजूला स्थिर पाती बसवलेली. त्यामुळे पाणी रवीबरोबर गरगर फिरत नसे. ते अडखळे आणि त्यात घर्षण होई. रवीच्या दांड्याला दोरी गुंडाळलेली. ती दोन बाजूंच्या कप्प्यांवरून जाऊन तिच्या टोकांना शिशाची दोन वजने लटकत. वजने खाली आली की रवी फिरे.

१८५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ही वजने प्रत्येकी सुमारे २९ पौंडांची, म्हणजे १३ किलोंची होती. ती सुमारे ६३ इंच खाली येत. मग ती पुन्हा वर गुंडाळायची आणि पुन्हा सोडायची. असे वीस वेळा. यात जवळपास ३५ मिनिटे जात. एवढ्या खटाटोपानंतर पाण्याचे तापमान वाढे ते साधारण अर्धा अंश फॅरनहाइट, म्हणजे सेल्सियसमध्ये ०.३ अंश!

वाढ इतकी कमी का, हे घरगुती ब्रुइंग स्टँडवरूनही कळते. २५ लिटर पाणी दीड मीटर उंच पायरीवर चढवायला अवघे ३७० ज्यूल काम लागते. तेच पाणी मॉल्टसाठी तापवायला ४४ लाख ज्यूल. फरक जवळपास बारा हजार पटींचा. उचलून नेताना आपल्याला घाम फुटतो, पण उष्णतेच्या बाजारात त्या कष्टाची किंमत अगदी चिल्लर आहे. हेच पाणी वरून खाली आदळले तर ते अंशाच्या हजाराव्या भागात मोजण्याइतकेच तापते. ज्यूल यांना मोजायची होती ती ही चिल्लर.

एवढे अचूक मोजणे त्यांना कसे जमले?

इथे कारखान्यातले वातावरण त्यांच्या मदतीला आले. बिअर हा तापमानाचा धंदा आहे. मोड आणून वाळवलेल्या बार्लीतल्या पिष्टाची साखर होण्यासाठी पाणी साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सियस असावे लागते. त्याहून फार गरम झाले तर पिष्टाचे रूपांतर करणारी विकरे निकामी होतात, फार थंड राहिले तर काम रेंगाळते. पुढे यीस्ट घालतानाही तेच. काही अंश चुकले की आख्खा हौद वाया जातो आणि पैसा बुडतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ब्रिटनमधल्या बिअर कारखान्यांत थर्मामीटर शिरला तो याच कारणाने. तापमानाच्या बारीक फरकाकडे लक्ष ठेवणे हा ज्यूल यांच्या घरचा रोजचा उद्योग होता.

तरीही कारखान्यातला थर्मामीटर या कामाला पुरेसा नव्हता. मँचेस्टरमधले उपकरण बनवणारे कारागीर जॉन बेंजामिन डान्सर यांच्या मदतीने ज्यूल यांनी अतिशय सूक्ष्म खुणांचे थर्मामीटर करवून घेतले. सरावलेल्या नजरेने ते एका फॅरनहाइट अंशाचा दोनशेवा भाग टिपू शकत.

बाकीची काळजीही तितकीच होती. प्रयोग प्रशस्त तळघरात होत, कारण तिथे तापमान दिवसभर फारसे बदलत नाही. प्रयोग करणाऱ्याच्या अंगाची ऊब भांड्याला लागू नये म्हणून मध्ये लाकडी आडोसा. रवी न फिरवता तेवढाच वेळ भांडे नुसते ठेवून हवेमुळे किती फरक पडतो तेही नोंदवायचे आणि हिशेबातून वजा करायचे. दोरीचा ताण, कप्प्यांचे घर्षण, वजने जमिनीवर आदळताना उरलेला वेग, सगळ्याची वजावट. असे चाळीस प्रयोग केवळ पाण्यावर. शिवाय पाऱ्यावर आणि ओतीव लोखंडाच्या चकत्या एकमेकींवर घासूनही.

विज्ञानाचे इतिहासकार हाइन्झ ओटो सिबुम यांनी १९९० च्या दशकात या यंत्राची प्रतिकृती करून प्रयोग पुन्हा केला. कागदावर सोपा वाटणारा हा प्रयोग हातात घेतल्यावर किती अवघड जातो, हे त्यातून दिसले. शब्दांत न मावणारे हातचे कसब हा ज्यूल यांच्या यशाचा मोठा भाग होता.

मग विश्वास का बसत नव्हता?

ऑगस्ट १८४३ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथे ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत त्यांनी पहिला निष्कर्ष मांडला, तेव्हा कुणी फारशी दखल घेतली नाही. १८४४ मध्ये हवेवरच्या प्रयोगांचा निबंध रॉयल सोसायटीने पूर्ण छापला नाही, केवळ सारांश दिला. अडचण दुहेरी होती. निष्कर्ष प्रस्थापित सिद्धान्ताला सुरुंग लावणारा. आणि तो कशाच्या आधारावर, तर अंशाच्या शतांश भागांवर! तोही विद्यापीठाबाहेरचा एक बिअर कारखानदार सांगणार.

एप्रिल १८४७ मध्ये ज्यूल यांनी मँचेस्टरच्या सेंट अ‍ॅन चर्चच्या वाचनालयात सर्वसामान्य श्रोत्यांपुढे व्याख्यान दिले. ऊर्जा नष्ट होत नाही, ती रूप बदलते, हा विचार त्यात स्पष्टपणे मांडला होता. हे व्याख्यान संपूर्ण छापले ते ‘मँचेस्टर कुरिअर’ या स्थानिक वृत्तपत्राने. ज्यूल यांचे भाऊ त्या पत्रासाठी संगीत समीक्षा लिहीत. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा सिद्धान्त असा वर्तमानपत्रातून वाचकांपुढे आला.

त्याच वर्षी जूनमध्ये ऑक्सफर्डच्या सभेत अध्यक्षांनी त्यांना थोडक्यात आटोपण्याची सूचना केली. निबंध याही वेळी दुर्लक्षित राहिला असता. पण श्रोत्यांत तेविशीच्या उंबरठ्यावरचे विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, होते. त्यांना हे पटले नव्हते, पण ते सोडूनही देता येत नव्हते. त्यांच्या शंकांमुळे सभेचे लक्ष वेधले गेले आणि दोघांची आयुष्यभराची मैत्री जुळली.

दोन वर्षांनी ज्यूल यांचा मोठा निबंध मायकेल फॅरडे यांच्यामार्फत रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला आणि १८५० मध्ये तो छापला गेला. आकडा होता ७७२. ज्यूल त्याच वर्षी सोसायटीचे फेलो झाले. तरीही एक तडजोड करावी लागली. घर्षण म्हणजे कामाचे उष्णतेत रूपांतर होय, हे निबंधातले तिसरे विधान परीक्षण समितीच्या इच्छेनुसार गाळले गेले. आकडा स्वीकारला, पण त्याचा अर्थ लगेच नाही.

धबधब्याची गोष्ट खरी का?

ऑगस्ट १८४७ मध्ये ज्यूल यांचा विवाह अमेलिया ग्राइम्स यांच्याशी झाला. त्यानंतर आल्प्समधल्या शामोनीजवळ थॉमसन यांना हे नवदाम्पत्य अचानक भेटले. ज्यूल यांच्या हातात लांबलचक थर्मामीटर होता आणि ते धबधब्याच्या वरचे व खालचे तापमान मोजायला निघाले होते, अशी आठवण थॉमसन यांनी पुढे अनेक वर्षांनी सांगितली. थर्मामीटरच्या या तपशिलाविषयी इतिहासकार साशंक आहेत. दोघांनी सालांश येथील धबधब्यावर मोजणीचा प्रयत्न मात्र केला. पाणी तुषार होऊन विखुरत असल्याने तो फसला.

कल्पना पक्की होती. आजच्या आकड्यानुसार पाण्याचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढायला ते सुमारे ४२७ मीटर उंचीवरून पडावे लागेल. नायगाराच्या १६० फुटांच्या उडीने पाणी फॅरनहाइट अंशाच्या पाचव्या भागाइतके तापावे, असा अंदाज ज्यूल यांनी १८४५ मध्येच वर्तवला होता.

हा शोध एकट्या ज्यूल यांचा होता का?

नाही. जर्मन डॉक्टर युलियस रॉबर्ट मायर यांनी १८४२ मध्येच उष्णता आणि काम यांच्यातला दर हवेच्या गुणधर्मांवरून काढला होता. हेर्मान हेल्महोल्ट्झ यांनी १८४७ मध्ये ऊर्जेच्या अक्षय्यतेची गणिती मांडणी केली. पुढे मायर की ज्यूल, यावर ब्रिटनमध्ये कडवट वाद रंगला. रॉयल सोसायटीने कोप्ली पदक १८७० मध्ये ज्यूल यांना आणि १८७१ मध्ये मायर यांना दिले. कल्पना मायर यांना आधी सुचली होती. पण वेगवेगळ्या मार्गांनी तोच आकडा पुन्हा पुन्हा मिळवून शंकेला जागा उरू न देण्याचे काम ज्यूल यांचे.

पुढे काय झाले?

१८५४ हे वर्ष त्यांच्यासाठी दुःखाचे ठरले. अमेलिया यांचे निधन झाले. तान्हे मूलही गेले. मागे एक मुलगा आणि एक मुलगी राहिली. त्याच वर्षी कारखानाही विकला गेला. ज्यूल यांनी पुन्हा विवाह केला नाही.

थॉमसन यांच्याबरोबरचे काम मात्र चालू राहिले. दाबाखालचा वायू सच्छिद्र बुचातून पसरू दिला की बहुतेक वायू थंड होतात, हे दोघांनी १८५२ पासूनच्या प्रयोगांत दाखवले. १८९५ मध्ये कार्ल फॉन लिंडे यांनी याच ज्यूल-थॉमसन परिणामाच्या आधारे हवेचे मोठ्या प्रमाणावर द्रवीकरण केले. त्याआधी शीतयंत्रे बनवणारे लिंडे यांचे सुरुवातीचे गिऱ्हाईक कोण होते? बिअरचे कारखाने!

ज्यूल यांना प्राध्यापकी मिळाली नाही. प्रयोगांवर बराचसा पैसा घरचाच गेला. उतारवयात आर्थिक ओढाताण झाली, तेव्हा १८७८ मध्ये सरकारने त्यांना वर्षाला २०० पौंडांचे निवृत्तिवेतन मंजूर केले. त्याच वर्षी, वयाच्या साठीत, त्यांनी जुना प्रयोग सुधारित यंत्रावर पुन्हा केला. उत्तर आले ७७२.५५.

११ ऑक्टोबर १८८९ रोजी मँचेस्टरजवळच्या सेल गावी त्यांचे निधन झाले. त्याआधी काही आठवडेच पॅरिसमधल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने ऊर्जेच्या एककाला ‘ज्यूल’ हे नाव स्वीकारले होते. सेलमधल्या ब्रुकलँड्स दफनभूमीत त्यांच्या थडग्यावर ७७२.५५ हा आकडा कोरलेला आहे.

तो आकडा आज किती बरोबर ठरतो?

आजचे मूल्य सुमारे ७७८ आहे. म्हणजे दोरी, कप्प्या, शिशाची वजने आणि काचेचा थर्मामीटर एवढ्या सामग्रीवर ज्यूल यांची चूक एक टक्क्याहूनही कमी होती. १८५० चे त्यांचे यंत्र लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये पाहायला मिळते. पुढच्या वेळी गिझर लावून पाणी तापण्याची वाट पाहाल, तेव्हा त्या मिनिटांचा हिशेब याच तळघरात मांडला गेला होता, एवढे ध्यानात असू द्यावे.